बाहेर गेलेली नऊ टिनं

केकचं टिन विकत घेताना मी ते आधी पालथं घालते. दुकानदाराला वाटतं, बाई लेबल शोधतेय. मी तळ बघत असते. मग ते काचेच्या काउंटरवर ठेवायचं आणि कडेकडेनं बोटानं दाबायचं. एक बाजू जरी टकटकली, तरी टिन परत फळीवर. दुकानातच डुगडुगणारं टिन दोनचार वेळा ओव्हनमधून आतबाहेर झालं की तळाला पोक येतो आणि केक एकीकडे जाड, दुसरीकडे पापड. मग आतल्या कडेनं बोट फिरवायचं. सांधा लागला तर त्यात जुनं पीठ अडकणार, कितीही घासा. शेवटी भिंत बघायची, सरळ आहे की वर पसरलेली. 'आठ इंची' म्हणून विकलेलं टिन पुष्कळदा वर आठ आणि खाली सात असतं. तसे दोन थर एकावर एक ठेवले की मधे खाच पडते, ती क्रीमनं लिंपत बसा. दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात एका भांडीवाल्यानं माझी ही सगळी तपासणी बघून विचारलं होतं, "मैडम, केक बनाना है कि रिश्ता तय करना है?"

"रिश्ता तो पंद्रह मिनट में तय हो गया था, भैया," मी म्हटलं. "टिन में टाइम लगेगा."

तो हसला, मीही हसले. टिन मात्र घेतलं नाही, त्याची कड वाजत होती.

हे ज्ञान मला कुणी शिकवलं नाही. मी मिरजेजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. त्याची दिल्लीला बदली झाली तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. मी आधी रजा घेतली, मग बिनपगारी रजा, मग राजीनामा. लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, जिन्याला लागून दार आणि दारासमोर दुसऱ्याचं दार. पहिल्या हिवाळ्यात मी इतकी रडले की नवरा घाबरला आणि माझा वेळ जावा म्हणून एक छोटा ओव्हन घेऊन आला. त्याच्याबरोबर दोन काळी, पातळ, नॉनस्टिक टिनं फुकट मिळाली होती. फुकटचं ते पौष्टिक असं म्हणतात, पण ही नव्हती. काळं टिन उष्णता पटकन खातं, पातळ टिन ती धरून ठेवत नाही. कडा करपायच्या आणि मधे रबडी.

दुसरी कुणी असती तर तिनं नाद सोडला असता. मी वही काढली. ओव्हनमधे थर्मामीटर टांगला, तर डायल एकशे ऐंशी म्हणतोय आणि पारा दोनशेच्या वर. वाट्या-चमचे सोडून वजनकाटा आणला. एकाच पिठाचे चार भाग करून ते चार प्रकारच्या टिनांत भाजले आणि कापून शेजारी शेजारी ठेवले. माझ्यातली शिक्षिका कुठेतरी जायला हवी होती, ती ओव्हनमधे गेली. दोनतीन वर्षांत माझ्याकडे अकरा टिनं जमली. बहुतेक जाड ॲल्युमिनियमची, सरळ भिंतीची, बिनसांध्याची. दोनतीन माझ्या सुरुवातीच्या चुका. त्या मी मुद्दाम ठेवल्या होत्या, कारण चूक टाकून दिली की ती पुन्हा होते.

आता खरी चूक सांगते. केक शेजारी पाठवताना मी तो टिनासकट पाठवला.

मला यात वावगं काही दिसलंच नाही. माझ्या आईकडे शेजारी काहीही द्यायचं तर ते भांड्यातून जायचं, वर ताटली झाकून. खोक्यातून देतो तो दुकानदार. आणि गेलेलं भांडं रिकामं परत येत नसे. काहीच नसलं घरात, तर शेजारीण चिमूटभर साखर घालून पाठवायची. मला वाटलं होतं हे फक्त आपल्याकडचं आहे. पण आमच्या जिन्यात बंगाल, बिहार, तमिळनाडू, उत्तराखंड असा अर्धा देश राहत होता. भाषेवरून, पाण्यावरून, पार्किंगवरून यांचं कधी एकमत झालं नाही, पण रिकामं भांडं परत करायचं नाही यावर सगळ्यांचं बिल्कुल एकमत होतं. पहिलं टिन खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकूंकडून नारळाचे लाडू भरून आलं. दुसरं वरच्या बिहारी भाभींकडून ठेकुआ, म्हणजे गुळाची तळलेली बिस्किटं, घेऊन आलं. मला काय आनंद झाला! या शहरात आपल्याला माणसं मिळाली, असं मी आईला फोनवर सांगितलं.

मग कळायला लागलं. भरून आलेल्या टिनाची परतफेड करावी लागते. परतफेड म्हणजे केक, आणि केक म्हणजे पुन्हा टिन. पलीकडच्या घरी काही खास बनेपर्यंत ते टिन तिकडेच राहणार, आणि ते मागायची सोय नाही, कारण टिन मागणं म्हणजे 'आमचा खाऊ कुठे आहे' असं विचारणं. टिन परत आलं की आनंद व्हायचा बंद झाला. बेल वाजली की मी आधी दाराच्या भोकातून बघायचे, कुणाच्या हातात काही चमकतंय का. एकदा हुशारी करून पुठ्ठ्याच्या खोक्यातून केक पाठवून बघितला. काकू स्वतः जिना चढून वर आल्या. "नाराज़ हो क्या? बाज़ार जैसा डिब्बा भेज दिया!"

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "वानवळा चालू राहावा गं, चांगलं असतं." माझ्या मुलीनं विचारलं, वानवळा म्हणजे काय. मी म्हटलं, शेतातलं पहिलं चांगलंचुंगलं शेजाऱ्याला पाठवतात ते. "सो नाइस," ती म्हणाली. तिला काय जातंय म्हणायला.

आणि या सगळ्याच्या वर होत्या मॅडम. मॅडम म्हणजे नवऱ्याच्या साहेबांच्या बायको. बारा वर्षांत चार साहेब बदलले, तशा चार मॅडम झाल्या, पण केकची फर्माईश प्रत्येक वेळी चार्ज सोपवल्यासारखी नव्या मॅडमकडे जायची. कधी फेअरवेल, कधी लंच, कधी कुणाच्या मुलाचा वाढदिवस. निरोप नवऱ्याच्या फोनवर यायचा आणि तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून खाकरायचा. त्या खाकरण्यावरून मला कळायचं किती इंची लागणार. मी कधी नाही म्हटलं नाही. शाळेतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती मी कापून ठेवायचे, एकदोन अर्जही भरले. एका इंटरव्ह्यूच्या दिवशी तिघांचे केक होते, म्हणून गेले नाही. हे आता लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते. कुणी बेडी घातली नव्हती. पण सकाळी डोळे उघडले की कुणाचं तरी टिन छातीवर ठेवल्यासारखं वाटायचं, आणि ते उतरवायला मी पीठ चाळायला लागायचे. मी कोंडली गेले होते आणि कोंडणारी सगळी माणसं प्रेमळ होती. तक्रार करायची तर कुणाची?

गेल्या वर्षी आयएनए मार्केटमधे एका दुकानात मी अशीच टिन दाबून बघत होते. शेजारी एक बाई चार टिनं हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आप क्या चेक कर रही हैं?" मी त्यांची चारही टिनं पालथी घातली आणि चारही परत ठेवायला लावली. मग तासभर आम्ही त्या दुकानात उभ्या होतो. स्प्रिंगवालं टिन गळतं कुठून, ओव्हनच्या भिंती आणि टिन यांच्यात दोन बोटं जागा का हवी, सिलिकॉनचे साचे रंगीत दिसतात पण त्यात केकला रंग का येत नाही. दुकानदार बिचारा टिनं परत फळीवर लावत राहिला. बाई फरीदाबादच्या होत्या, स्वतःच्या घरी तळमजल्यावर बेकिंगचे क्लास चालवायच्या. नंबर घेऊन गेल्या.

चारपाच महिन्यांनी, एका गुरुवारी, त्यांचा फोन आला. शिकवणारी मुलगी सोडून गेली होती आणि शनिवारी नवी बॅच सुरू होत होती. "पहला लेसन सामान का होता है. टिन कौन सा लें, ओवन कैसे परखें. वो आप लीजिए. जम गया, तो हफ़्ते में तीन दिन आप ही पढ़ाइए." मग म्हणाल्या, "अपने सारे टिन लेकर आइएगा. अच्छे भी, बेकार भी. लड़कियाँ हाथ में पकड़ेंगी तभी समझेंगी."

मी फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. पढ़ाइए. हा शब्द मला उद्देशून कुणी वापरल्याला बारा वर्षं झाली होती.

मग कपाट उघडलं. आत दोन टिनं. नऊ बाहेर होती.

नवी घेऊन भागलं नसतं. दुकानात सगळीच टिनं शहाणी दिसतात. पोक आलेला तळ, उडालेलं कोटिंग, सांध्यातली काळी रेघ आणि त्याच्या शेजारी सहा वर्षं वापरूनही सपाट राहिलेलं टिन, हे जुन्या भांड्यांतच दाखवता येतं. तो माझा फळा होता, आणि तो नऊ घरांत वाटलेला होता. शनिवारच्या आत ती नऊ टिनं मागून आणायची होती. रिकामी.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी सांगितलं. फरीदाबादचं ऐकून तो म्हणाला, "अरे वा." टिनांचं ऐकून त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"रिकामी मागणार?"

"अहो, भरायला वेळ कुठे आहे त्यांना?"

"बरं, शेजाऱ्यांचं ठीक आहे. मॅडमकडचं राहू दे."

"तेच तर लागणार आहे. तीन इंच उंचीचं सरळ टिन तेवढं एकच आहे."

"अगं, अप्रेझलचे दिवस आहेत. एका टिनापायी त्यांच्या मनात काहीतरी..."

"मम्मा," मुलगी खोलीतून म्हणाली, "एम्प्टी टिन कोण मागतं यार? इट्स सो ऑकवर्ड."

"मी मागते," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी एक मोठी पिशवी घेऊन निघाले. बंगाली काकूंना सगळं समजावून सांगितलं. त्या आनंदल्या, मिठी मारली आणि टिन मागताच त्यांचा चेहरा पडला. "खाली कैसे दूँ? बैठो, दस मिनट. बैंगन काटती हूँ." मी नको म्हटलं. त्यांनी कढई चढवली. मी पुन्हा नको म्हटलं, घाई आहे म्हटलं. काकूंनी गॅस बंद केला आणि माझ्याकडे न बघता टिनात दोन मुठी साखर ओतून दिली. कुणाचं मन दुखवलं की आपल्याला कसं वाटतं ते मला ठाऊक होतं, म्हणूनच तर मी बारा वर्षं ते टाळत आले होते. वरच्या भाभींनी माझं टिन कुठाय ते आठवायला बराच वेळ घेतला. ते गच्चीवर होतं. तळाला खिळ्यानं भोकं पाडून त्यात पुदिना लावला होता. "खाली तो नहीं है ना," त्या हसून म्हणाल्या आणि पुदिन्यासकट हातात दिलं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. दुपारपर्यंत आठ टिनं आली, त्यात साखर, मुरमुरे, एक नारळ आणि पुदिना.

संध्याकाळी पाचला नवऱ्यानं मला स्कूटरवरून ईस्ट किदवई नगरला नेलं. मॅडम तिथल्या एका उंच इमारतीत राहायच्या. "मी खालीच थांबतो," तो म्हणाला. त्याच्या हेल्मेटची काच वर होती आणि आतला चेहरा अगदी लहान दिसत होता. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून चीडही आली.

दार मॅडमनीच उघडलं. "अरे, अच्छा हुआ आप आ गईं! मैं अभी आपके हज़बंड को मैसेज करने ही वाली थी. कल लंच पे कुछ लोग आ रहे हैं. वो ऑरेंज वाला केक बना दीजिएगा?"

माझ्या तोंडून "जी" निघून गेला होता. बारा वर्षांची सवय. पुढचा "ज़रूर" मी दातांत धरला. अप्रेझल, बदली, क्वार्टर, मुलीची दहावी, सगळं डोक्यात एकदम आलं.

"कल नहीं हो पाएगा, मैम," मी म्हटलं. "कल मेरी क्लास है."

"अच्छा, आप क्लास कर रही हैं?"

"ले रही हूँ."

"वाह!" त्या म्हणाल्या. "तो ठीक है, मँगवा लेंगे." आणि त्यांनी फोन उचलला, दोन वेळा बोट सरकवलं, दोन वेळा दाबलं आणि फोन सोफ्यावर टाकला. झालं. केक मागवून झाला होता.

मी टिनाचं सांगितलं. त्यांची स्वयंपाकीण ते घेऊन आली आणि दारातच घुटमळली. "मेमसाब, ये तो खाली है."

"तो क्या हुआ? दे दो," मॅडम म्हणाल्या. मग मला सोडायला दारापर्यंत येताना, अगदी सहज, अगदी प्रेमानं म्हणाल्या, "अच्छा है आपने कुछ शुरू किया. हमारे आते ही आपके हज़बंड ने बताया था कि आपको ख़ाली बैठना अच्छा नहीं लगता, कोई काम हो तो कह दिया कीजिए. मैं तो इसीलिए कहती रहती थी. मुझे लगा आपका मन लगा रहेगा."

लिफ्टमधे मी एकटी होते. आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की टिनाची कड तळहातात रुतली तरी मला कळलं नाही. एवढंच होतं? नाही म्हणायचं आणि समोरच्यानं ठीक आहे म्हणायचं? ज्या दाराला मी बारा वर्षं आतून टेकून बसले होते, त्याला कडीच नव्हती. आणि मॅडम आपल्या परीनं माझ्यावर उपकार करत होत्या.

खाली नवरा स्कूटरला टेकून उभा होता. "काय म्हणाल्या?"

"तुम्ही त्यांना सांगितलं होतंत, मला रिकामं बसवत नाही म्हणून?"

त्यानं हेल्मेट काढलं. "सगळ्यांनाच सांगितलं होतं," तो म्हणाला. "प्रत्येक नव्या साहेबांना. तू रडायचीस ना तेव्हा. मला वाटलं, माणसांत मिसळशील. चार लोक नाव घेतील."

"मला नोकरी हवी होती."

"तू बोलली नाहीस कधी."

हे खोटं असतं तर किती बरं झालं असतं. त्याला चार शब्द ऐकवून मी मोकळी झाले असते. पण मी खरंच बोलले नव्हते. जाहिराती कापून डब्यात ठेवल्या होत्या, त्याला एकही दाखवली नव्हती. आम्ही घरी निघालो. टिन माझ्या मांडीवर होतं आणि रिंग रोडच्या प्रत्येक खड्ड्यावर मी ते दोन्ही हातांनी दाबून धरत होते.

शनिवारी सकाळी तो म्हणाला, "मी येतो सोडायला. सामान जड आहे." मी नको म्हटलं. हा नकार मॅडमना दिलेल्या नकारापेक्षा जड गेला, कारण तो हेल्मेट हातात घेऊन दारातच उभा राहिला. सरोजिनी नगरहून मेट्रो धरली, लाजपत नगरला बदलली आणि दोन पिशव्या पायांत घेऊन फरीदाबादपर्यंत बसून राहिले. डब्यातल्या एका आजींनी विचारलं, बर्तन बेचती हो? मी मान हलवली, हो की नाही ते मलाही सांगता आलं नसतं.

तळमजल्यावरच्या त्या खोलीत बारा मुली आणि बायका बसल्या होत्या. काही कारखान्यातल्या लोकांच्या बायका, काही कॉलेजातल्या मुली, एक माझ्याहून मोठी. लांब टेबल होतं. मी अकराही टिनं पालथी मांडली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं वही उघडली, वर तारीख घातली आणि पेन हातात धरून विचारलं, "मैम, आप कब से पढ़ा रही हैं?"

मला सांगता आलं असतं, बरीच वर्षं. मिरजेची सात होतीच, ती धरली असती तर खोटंही ठरलं नसतं.

"आज से," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. मुलीनं ते वहीत लिहून घेतलं की काय कोण जाणे. मी बाटलीतलं पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि सगळ्यात वाईट टिन उचलून तिच्या हातात दिलं.